मुंबईचा संघ, पंचकुल्याचं मैदान

३० नोव्हेंबर २००७ रोजी हरियाणातल्या पंचकुला इथं, ताऊ देवीलाल स्टेडियमवर इंडियन क्रिकेट लीग, म्हणजे आयसीएल, सुरू झाली. आयपीएलचा पहिला चेंडू पडायला तेव्हा साडेचार महिने होते. सहा संघांपैकी एकाच्या नावात मुंबई होती. मुंबई चॅम्प्स हे त्याचं नाव, ब्रायन लारा कर्णधार आणि शिवाजी पार्कवर वाढलेले संदीप पाटील प्रशिक्षक. कागदावर याहून ‘मुंबईचा’ संघ काय असतो? पण हा संघ जेमतेम वर्षभर जगला, तीन ट्वेंटी-ट्वेंटी स्पर्धांत उतरला आणि मुंबईत एकही सामना न खेळता संपला.

मुंबईच्या वाकोला उपनगरातल्या माणसाला वानखेडेवर सामना बघायचा असेल तर दत्तमंदिर रोडवरून सांताक्रूझ स्टेशन गाठायचं आणि चर्चगेट लोकल पकडायची. वांद्रे-कुर्ला संकुलातलं मुंबई क्रिकेट असोसिएशनचं मैदान तर त्याहून जवळ, कलिन्यापलीकडे, रिक्षाच्या अंतरावर. मुंबई चॅम्प्सला डोळ्यांनी बघायचं असेल तर मात्र चंडीगडच्या शेजारी जायला हवं होतं, म्हणजे दीड हजार किलोमीटरहून जास्त. तेव्हा वाकोला, घाटकोपर, मुलुंड किंवा बोरिवलीच्या प्रेक्षकासाठी हा संघ फक्त टीव्हीच्या पडद्यावर होता. ‘घरचं मैदान’ हा शब्द या संघाच्या बाबतीत कधी वापरावाच लागला नाही.

अमेरिकेत बेसबॉलच्या दुय्यम लीगमधले संघ असे येतात आणि जातात. एखाद्या लहान शहरात संघ उभा राहतो, दोन-तीन हंगाम खेळतो, पैसे आटले की गाशा गुंडाळतो, आणि गावातल्या जुन्या लोकांना त्याची आठवण राहते. मुंबई चॅम्प्सची आठवण राहायला तेवढंही निमित्त मिळालं नाही. त्याचा इतिहास लिहायचा तर धावफलकापेक्षा मैदानांच्या मालकीची कागदपत्रं जास्त उपयोगी पडतात.

या लीगचा जन्म क्रिकेटच्या मैदानात झाला नाही, टीव्ही हक्कांच्या बोलीत झाला. सुभाष चंद्रा यांच्या झी समूहाला भारतीय क्रिकेटच्या प्रक्षेपणाचे हक्क हवे होते. २००४ मध्ये त्यांनी मोठी बोली लावली, प्रकरण कोर्टात गेलं आणि हक्क हाती आले नाहीत. २००६ मध्ये ते हक्क ६१ कोटी २० लाख डॉलरना निंबस कंपनीकडे गेले. चॅनेल हाताशी होतं, दाखवायला क्रिकेट नव्हतं. मग चंद्रा यांनी क्रिकेटच तयार करायचं ठरवलं.

वेळही त्यांना साथ देणारी होती. मार्च २००७ मध्ये वेस्ट इंडीजमधल्या विश्वचषकात भारत आधी बांगलादेशकडून आणि मग श्रीलंकेकडून हरून पहिल्याच फेरीत बाहेर पडला. देशभर संताप होता, क्रिकेट मंडळावर सगळीकडून टीका चालू होती. एप्रिलच्या पहिल्याच आठवड्यात आयसीएलची घोषणा झाली. कपिल देव अध्यक्ष झाले. किरण मोरे, टोनी ग्रेग आणि डीन जोन्स कार्यकारी मंडळावर आले. विजेत्या संघाला दहा लाख डॉलर मिळणार असं जाहीर झालं. प्रत्येक संघात साधारण चार परदेशी, दोन नामवंत भारतीय आणि आठ उमेदीचे देशी खेळाडू असावेत अशी रचना ठरली. चेन्नई सुपरस्टार्स, कोलकाता टायगर्स, दिल्ली जेट्स, हैदराबाद हिरोज, चंडीगड लायन्स आणि मुंबई चॅम्प्स हे पहिले सहा संघ. सगळे एकाच मालकाचे. आयपीएलमध्ये प्रत्येक संघाचा मालक वेगळा असतो आणि तो आपल्या शहरात प्रेक्षक जमवायला धडपडतो. इथं सहाही संघ एकाच खिशातून चालत होते, त्यामुळे मुंबईने जिंकावं म्हणून जीव टाकणारा मालकही मुंबईला नव्हता.

संघाचे चेहरे मात्र वजनदार होते. लाराने एप्रिल २००७ मध्ये आंतरराष्ट्रीय क्रिकेट सोडलं होतं. कसोटीत नाबाद ४००, प्रथम श्रेणीत नाबाद ५०१. हे दोन्ही आकडे मुंबईच्या कोणत्याही नेटमधला मुलगा तेव्हा झोपेतून उठवला तरी सांगू शकला असता. न्यूझीलंडचा नेथन ॲस्टल या संघात आला. आणि संदीप पाटील यांच्याबद्दल मराठी वाचकाला वेगळं काय सांगायचं? ॲडलेडचं १७४, मँचेस्टरला बॉब विलिसच्या एकाच षटकात ठोकलेले सहा चौकार, १९८३ चा विश्वचषक, मग ‘एकच षटकार’चं संपादन, आणि २००३ मध्ये केनियाला विश्वचषकाच्या उपांत्य फेरीपर्यंत नेणारा प्रशिक्षक. ज्या माणसाने केनियासारख्या संघाला तिथपर्यंत पोहोचवलं, त्याच्या हाती लारा दिला तर काय होईल, ही उत्सुकता खरी होती.

फारसं काही झालं नाही. पहिल्या स्पर्धेच्या उपांत्य फेरीत पोहोचलेल्या चार संघांत मुंबई नव्हती. १६ डिसेंबर २००७ रोजी चेन्नई सुपरस्टार्सने चंडीगड लायन्सला हरवून पहिलं विजेतेपद घेतलं. जानेवारीत कॅरिबियन स्पर्धेत खेळताना लाराचा हात मोडला. दुसरी स्पर्धा हैदराबाद हिरोजने जिंकली, तिसरी लाहोर बादशाहज या पाकिस्तानी खेळाडूंच्या संघाने. मुंबईच्या वाट्याला एकदाही चषक आला नाही. तेव्हाच्या रणजी क्रिकेटमध्ये मुंबईचा दरारा बघता हे विचित्र वाटतं, पण कारण सरळ आहे. फेब्रुवारी २००७ मध्ये बंगालला हरवून रणजी करंडक जिंकलेल्या मुंबईच्या संघातले अमोल मुझुमदार, वासिम जाफर, रोहित शर्मा यांच्यापैकी कुणीही लीगकडे वळलं नाही. ज्यांना मुंबईच्या टोपीची खात्री होती ते थांबले. चॅम्प्सच्या नावात मुंबई होती, मुंबईचं क्रिकेट नव्हतं.

आता मैदानांकडे येऊ, कारण खरी गोष्ट तिथं आहे.

मुंबईत मैदान कुणाचं, या प्रश्नावरून क्रिकेटचा इतिहास एकदा आधीही वळला होता. ब्रेबॉर्न स्टेडियम क्रिकेट क्लब ऑफ इंडियाचं. कसोटी सामने तिथं व्हायचे, पण तिकिटं आणि आसनं किती कुणाला द्यायची यावरून क्लब आणि मुंबई क्रिकेट असोसिएशन यांच्यात वर्षानुवर्षं कुरबूर चालायची. अखेर असोसिएशनचे अध्यक्ष शेषराव वानखेडे यांनी ब्रेबॉर्नपासून चालत जाण्याच्या अंतरावर वेगळं स्टेडियमच उभारलं. जानेवारी १९७५ मध्ये वेस्ट इंडीजविरुद्ध तिथं पहिली कसोटी झाली, आणि ब्रेबॉर्नवरचं कसोटी क्रिकेट दीर्घकाळ थांबलं. असोसिएशनने आपलं मैदान उभारून क्लबकडून क्रिकेट काढून घेतलं. ज्याच्याकडे मैदान त्याच्याकडे क्रिकेट, हा धडा असोसिएशन तेव्हाच शिकली होती.

२००७ मध्ये तीच असोसिएशन दाराच्या दुसऱ्या बाजूला उभी होती. शिवाय शरद पवार तेव्हा भारतीय क्रिकेट मंडळाचे अध्यक्ष होते आणि मुंबई क्रिकेट असोसिएशनचेही. म्हणजे बंडखोर लीगला वानखेडेची किल्ली मागायची तर ती मंडळाच्या अध्यक्षांकडेच मागावी लागली असती. ब्रेबॉर्नचा क्लब मंडळाचा सदस्य. नेरुळचं डी. वाय. पाटील स्टेडियम मार्च २००८ मध्ये सुरू झालं आणि पहिल्या आयपीएलचा अंतिम सामना तिथंच खेळला गेला. वांद्रे-कुर्ला संकुलातलं मैदान असोसिएशनचंच. मोठ्या सामन्यासाठी मुंबईत यापलीकडे जागा उरत नव्हती. आझाद मैदान, क्रॉस मैदान, शिवाजी पार्क इथं उत्तम क्रिकेट होतं, पण तिथं वीस-पंचवीस हजार माणसं तिकीट काढून बसत नाहीत आणि दिवे लावून रात्रीचे सामनेही होत नाहीत.

मग आयसीएल कुठं खेळली? जिथं मैदान क्रिकेट संघटनेचं नव्हतं तिथं. पंचकुला आणि गुडगावची स्टेडियमं हरियाणा सरकारच्या ताब्यातली. हैदराबादचं लालबहादूर शास्त्री स्टेडियम राज्य सरकारचं. अहमदाबादमधलं नवरंगपुऱ्याचं सरदार पटेल स्टेडियम महापालिकेचं. लीगच्या नकाशावर ज्या शहरांच्या नावाचे संघ होते त्यातल्या कित्येक शहरांत लीगचा सामनाच नव्हता, कारण नकाशा मालकीचा होता, प्रेक्षकांचा नव्हता. तत्कालीन रेल्वेमंत्री लालूप्रसाद यादव यांनी रेल्वेची मैदानं द्यायची तयारी दाखवली तेव्हा त्याची मोठी बातमी झाली. पण मुंबईत रेल्वेच्या मैदानावर आयसीएलचा मांडव पडला नाही.

हीच अडचण तीस वर्षांपूर्वी ऑस्ट्रेलियात केरी पॅकरपुढे आली होती. चॅनेल नाइनच्या या मालकालाही प्रक्षेपणाचे हक्क हवे होते, मंडळाने ते नाकारले, आणि त्याने १९७७ मध्ये जगातले सर्वोत्तम खेळाडू विकत घेऊन स्वतःची मालिका सुरू केली. मंडळाने पारंपरिक मैदानं बंद केली. पॅकरची माणसं मेलबर्नच्या उपनगरातल्या फुटबॉलच्या मैदानावर गेली. तिथं खेळपट्टी नव्हती, तेव्हा जॉन मेली या क्युरेटरने काँक्रीटच्या मोठ्या परातींमध्ये खेळपट्ट्या वाढवल्या आणि त्या क्रेनने उचलून मैदानात बसवल्या. आज जगभर वापरल्या जाणाऱ्या ‘ड्रॉप-इन’ खेळपट्टीची सुरुवात या अडवणुकीतून झाली. पहिल्या हंगामात प्रेक्षक थोडे आले.

पॅकरचं नशीब फळफळलं ते २८ नोव्हेंबर १९७८ रोजी. न्यू साउथ वेल्सच्या सरकारने सिडनी क्रिकेट ग्राउंडचं दार त्याला उघडून दिलं, तिथं दिव्यांचे खांब उभे राहिले, आणि ऑस्ट्रेलिया-वेस्ट इंडीज सामन्याला इतकी गर्दी लोटली की ४४,३७७ माणसं मोजून झाल्यावर फाटकं उघडी टाकावी लागली. पुढच्या सहा महिन्यांत, मे १९७९ मध्ये, ऑस्ट्रेलियन मंडळ आणि पॅकर यांच्यात समझोता झाला. गंमत अशी की पॅकरसाठी खेळाडू गोळा करणारा टोनी ग्रेग, तीस वर्षांनी आयसीएलच्या कार्यकारी मंडळावर होता. सिडनीचं फाटक कसं उघडलं हे त्याने स्वतः बघितलं होतं. मुंबईत तसं फाटक उघडलं नाही, आणि तसं उघडू शकेल अशी सत्तेची रचनाही इथं नव्हती. सिडनीचं सरकार आणि ऑस्ट्रेलियन मंडळ ही दोन वेगळी घरं होती. मुंबईत क्रिकेट आणि राजकारण एकाच घरात राहत होतं.

बेसबॉलमध्ये असंच बंड त्याहून कितीतरी आधी झालं. १९१४ आणि १९१५ असे दोन हंगाम अमेरिकेत फेडरल लीग नावाची तिसरी मोठी लीग चालली. आधीच्या दोन लीगनी तिला बंडखोर ठरवलं, खेळाडूंना धमकावलं, कोर्टबाजी झाली. शिकागोच्या संघाचा मालक चार्ल्स वीगमन हा उपाहारगृहांच्या धंद्यातला माणूस. त्याने कुणापुढे मैदानासाठी हात पसरला नाही. शहराच्या उत्तर भागात जागा घेतली आणि १९१४ च्या एप्रिलपर्यंत स्वतःचं मैदान उभं केलं. त्याचा शिकागो व्हेल्स १९१५ मध्ये फेडरल लीगचा विजेता ठरला आणि त्याच डिसेंबरात समझोता होऊन लीग बंद पडली. संघ गेला. मैदान मात्र राहिलं, कारण समझोत्यात वीगमनला शिकागो कब्ज हा जुना संघ विकत घेता आला आणि त्याने तो आपल्या मैदानावर आणला. ते मैदान म्हणजे आजचं रिग्ली फील्ड. व्हेल्सबद्दल कुणाला काही ठाऊक नसलं तरी त्यांचं मैदान अजून उभं आहे. मुंबई चॅम्प्सने मुंबईत एक वीटही मागे ठेवली नाही.

खेळाडूंची बाजू मात्र वेगळी, आणि तिच्याकडे जरा सहानुभूतीने बघायला हवं. लारा आणि ॲस्टल यांचं आंतरराष्ट्रीय क्रिकेट संपलेलं होतं. पैज लावली ती देशी खेळाडूंनी. मुंबईत १९४८ पासून भर पावसात चालणाऱ्या कांगा लीगमध्ये शेकडो मुलं खेळतात, टाइम्स शिल्डमध्ये ऑफिसांचे संघ उतरतात, आणि रणजीच्या संघात जागा अकरा. पंचविशी ओलांडलेल्या, चांगलं खेळणाऱ्या पण बोलावणं न आलेल्या खेळाडूचं पुढचं आयुष्य म्हणजे बँकेतली, तेल कंपनीतली किंवा विमान कंपनीतली नोकरी आणि शनिवार-रविवारचे सामने. एअर इंडियाच्या कलिन्यातल्या वसाहतीच्या आसपास वाढलेल्या मुलांना हा रस्ता चांगला ठाऊक असायचा. अशा खेळाडूपुढे कुणी एकदम काही वर्षांचा करार ठेवला तर तो काय करणार? महाराष्ट्राचा सलामीवीर धीरज जाधव भारताच्या कसोटी संघात निवडला गेला होता, पण प्रत्यक्ष कसोटी खेळायला मिळाली नव्हती. तोही आयसीएलमध्ये गेला. सुनील गावसकर यांचा मुलगा रोहन कोलकात्याच्या संघात गेला. हैदराबादचा अंबाती रायुडू तर तेव्हा फक्त बावीस वर्षांचा होता.

मंडळाने ऑगस्ट २००७ मध्ये कडक पवित्रा घेतला. आयसीएलमध्ये जाणाऱ्यावर आजीवन बंदी. कपिल देव यांना राष्ट्रीय क्रिकेट अकादमीच्या अध्यक्षपदावरून काढलं. लीगशी जोडलेल्या माजी खेळाडूंचं मासिक निवृत्तिवेतन थांबलं. १९८३ चा विश्वचषक आणणारे कर्णधार आणि त्यांचे सहकारी संदीप पाटील, मदनलाल, बलविंदरसिंग संधू हे सगळे एका फटक्यात भारतीय क्रिकेटच्या अधिकृत घराबाहेर झाले. यात मंडळाला धोका दिसला हे समजू शकतं. पण खेळाडूला शिक्षा करताना त्याचा दोष काय, याचं पटणारं उत्तर तेव्हाही नव्हतं. तो दुसऱ्या देशासाठी खेळला नव्हता, त्याने दुसऱ्या मालकाकडे काम धरलं होतं इतकंच.

बंदी हे मंडळाचं एक उत्तर होतं. दुसरं उत्तर जास्त हुशारीचं होतं. १३ सप्टेंबर २००७ रोजी इंडियन प्रीमियर लीगची घोषणा झाली. दहा-बारा दिवसांतच भारताने दक्षिण आफ्रिकेत पहिला ट्वेंटी-ट्वेंटी विश्वचषक जिंकला आणि या झटपट प्रकाराबद्दल नाक मुरडणारा देश रातोरात त्याच्या प्रेमात पडला. जानेवारी २००८ मध्ये आयपीएलचे संघ विकले गेले तेव्हा सर्वात महाग ठरली मुंबईच. रिलायन्सने तिच्यासाठी ११ कोटी १९ लाख डॉलर मोजले. २० एप्रिल २००८ रोजी मुंबई इंडियन्सचा पहिला घरचा सामना वानखेडेवर झाला. तो सामना ते हरले, तरी काय बिघडलं? सचिन तेंडुलकरचं नाव, वानखेडे, चर्चगेटला उतरणारी गर्दी. लाराचा मुंबई चॅम्प्स अजून जिवंत होता, पण मुंबईचा संघ कोणता हा प्रश्न त्या संध्याकाळी निकाली निघाला.

आयसीएलने आणखी वर्षभर तग धरला. अहमदाबाद रॉकेट्स आणि लाहोर बादशाहज हे संघ वाढले, ढाका वॉरियर्स आला. बांगलादेशच्या मंडळाने तिकडे गेलेल्या आपल्या खेळाडूंवर दहा वर्षांची बंदी घातली. २००८ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमधली स्पर्धा संपवून लीगने भारत, पाकिस्तान, बांगलादेश आणि उर्वरित जग अशा संघांची मालिका अहमदाबादमध्ये सुरू केली होती. ती चालू असतानाच २६ नोव्हेंबरला मुंबईवर दहशतवादी हल्ला झाला. पाकिस्तानी खेळाडू भारतात, आणि वातावरण तसं. मालिका थांबवण्यात आली. त्यानंतर आयसीएलचा एकही चेंडू टाकला गेला नाही.

२००९ च्या फेब्रुवारीत जोहान्सबर्गला मंडळ आणि लीग यांच्यात बोलणी झाली, ती फिसकटली. आयसीसीनेही मान्यता दिली नाही. २९ एप्रिल २००९ रोजी मंडळाने माफी जाहीर केली. करार मोडून परत या, देशांतर्गत क्रिकेट खुलं. सत्तरहून जास्त भारतीय खेळाडू परतले. लीग कोसळली ती खेळाडू गेल्यामुळे, आणि खेळाडू गेले ते लीगकडे पुढच्या हंगामाची तारीखच नव्हती म्हणून. परदेशी खेळाडूंच्या थकलेल्या मानधनाची तक्रार त्यांच्या संघटनेने बराच काळ लावून धरली. नंतर फिक्सिंगचा डागही समोर आला. चंडीगडच्या संघातल्या लू व्हिन्सेंटने २०१४ मध्ये फिक्सिंगची कबुली दिली आणि त्याच्यावर आजीवन बंदी आली. त्याच संघाचा कर्णधार ख्रिस केर्न्स याच्यावर लंडनमध्ये खोटी साक्ष दिल्याचा खटला चालला, त्यात २०१५ मध्ये तो निर्दोष सुटला.

माफीनंतरचा हिशेब मात्र लीगला नालायक ठरवणारा नाही. रायुडू २०१० मध्ये मुंबई इंडियन्सकडे आला, तिथं तीन आयपीएल विजेतेपदांत सहभागी झाला आणि २०१३ मध्ये भारतासाठी एकदिवसीय सामना खेळला. चेन्नई सुपरस्टार्सचा आर. सतीशही मुंबई इंडियन्सच्या निळ्या जर्सीत दिसला. हैदराबाद हिरोजमधून परतलेल्या स्टुअर्ट बिन्नीने २०१४ मध्ये ढाक्यात बांगलादेशविरुद्ध फक्त चार धावांत सहा बळी घेतले. संदीप पाटील राष्ट्रीय अकादमीत गेले आणि २०१२ ते २०१६ निवड समितीचे अध्यक्ष राहिले. म्हणजे ज्याला मंडळाने घराबाहेर काढलं होतं, त्याच्याच हाती पुढे भारताचा संघ निवडण्याची पेन्सिल आली. कपिल देव सर्वात शेवटी, जुलै २०१२ मध्ये परतले.

मंडळाच्या मक्तेदारीचा प्रश्न मग एका वेगळ्या दालनात पोहोचला. भारतीय स्पर्धा आयोगाने फेब्रुवारी २०१३ मध्ये मंडळाला ५२ कोटी २४ लाखांचा दंड ठोठावला. आयपीएलच्या प्रक्षेपण करारात मंडळाने, दहा वर्षं दुसऱ्या कोणत्याही खासगी लीगला मान्यता देणार नाही, असं वचन दिलं होतं. आयोगाच्या मते हा वर्चस्वाचा गैरवापर होता. अपिलात तो आदेश रद्द झाला, २०१७ मध्ये आयोगाने पुन्हा तोच दंड लावला. अमेरिकेत १९२२ मध्ये फेडरल लीगच्या बाल्टिमोर संघाचा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला तेव्हा न्यायालयाने बेसबॉल हा आंतरराज्य व्यापारच नाही असं म्हणून त्याला मक्तेदारीविरोधी कायद्यातून मोकळं सोडलं होतं. भारतातला आयोग निदान क्रिकेटला धंदा म्हणायला कचरला नाही.

मैदान मिळालं म्हणजे संघ टिकतोच असंही नाही, हे मुंबईनेच दाखवलं. २०१२ मध्ये वर्ल्ड सिरीज हॉकी नावाची आणखी एक बंडखोर लीग आली. तिच्यातल्या मुंबई मरीन्स संघाला चर्चगेटजवळचं महिंद्रा हॉकी स्टेडियम घर म्हणून मिळालं. २ एप्रिल २०१२ रोजी अंतिम सामना तिथंच झाला, शेर-ए-पंजाबने पुणे स्ट्रायकर्सला ५-२ ने हरवलं. हॉकी इंडियाची मान्यता नव्हती, दुसरा हंगाम पुढे ढकलत ढकलत कधी झालाच नाही. मरीन्सचं आयुष्य पाच आठवड्यांचं. तरी मुंबईच्या हॉकीप्रेमींनी आपला संघ निदान स्टँडमध्ये बसून बघितला.

आणि अधिकृत छत्राखालीही नावाचा घोळ मिटलेला नाही. २०१८ मध्ये मुंबई क्रिकेट असोसिएशनने स्वतःची टी-ट्वेंटी मुंबई लीग सुरू केली. संघांना थेट उपनगरांची आणि भागांची नावं मिळाली : आर्क्स अंधेरी, नमो बांद्रा ब्लास्टर्स, ट्रायम्फ नाइट्स मुंबई नॉर्थ ईस्ट, नॉर्थ मुंबई पँथर्स, शिवाजी पार्क लायन्स. २०१९ मध्ये आकाश टायगर्स मुंबई वेस्टर्न सबर्ब्ज आणि ईगल ठाणे स्ट्रायकर्स त्यात आले. दोन हंगाम झाले आणि लीग सहा वर्षं बंद पडली, ती २०२५ मध्ये पुन्हा सुरू झाली. पहिल्या दोन हंगामांत अंधेरीचा संघ अंधेरीत खेळला नाही, उत्तर मुंबईचा बोरिवलीत नाही. सगळे सामने वानखेडेवर, म्हणजे उपनगरातल्या प्रेक्षकाने आपल्या उपनगराचा संघ बघायला लोकलने चर्चगेट गाठायचं. २०२५ मध्ये डी. वाय. पाटील स्टेडियमची भर पडली, पण तेही नेरुळला. वाकोल्याच्या नावाचा संघ अर्थातच नाही. वाकोलेकरांची पंचाईत अशी की ते अंधेरी आणि वांद्रे यांच्या बरोबर मधे येतात.